सणाच्या रात्री सुरा कशाला?

सणासुदीला रक्ताचे सिनेमे कशाला, असं विचारणारी माणसं बहुतेक वेळा घरातलीच असतात. मुलगा चार मित्रांना घेऊन होळीच्या रात्री घडणाऱ्या खुनांचा सिनेमा मोबाइलवर काढायचा म्हणतो. आई धास्तावते, वडील चिडतात, शेजारचे काका समजुतीच्या सुरात सांगतात, “बाबा रे, विषय हजार आहेत, सणाला तेवढं सोड.” कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलांना हे ऐकावंच लागतं. काकांचं म्हणणं थोडक्यात असं: सण म्हणजे मांगल्य, त्या दिवशी मुखवटा घालून सुरा चालवणारा माणूस दाखवणं ही विटंबना आहे, हे खूळ अमेरिकेचं, यात बायकांना मारण्याची चटक असते, आणि एवढं करून सिनेमा स्वस्तातला, म्हणजे कलेच्या नावानं शून्य. यातली एक गोष्ट खरी आहे, तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलणार आहे. उरलेल्या चुकीच्या आहेत. त्या कोणी खोडून काढत नाही, म्हणून मुलं गप्प बसतात आणि सिनेमा वहीतच राहतो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

ज्याच्यावर आरोप आहे तो प्रकार आधी नीट पाहू. ‘स्लॅशर’ म्हणजे एक खुनी, बहुधा मुखवट्याआडचा. एक ठरावीक जागा. तरुणांचा एक घोळका. आणि एका रात्रीत एकामागून एक पडणारे बळी. कॅनडात बॉब क्लार्क यांनी १९७४ मध्ये ‘ब्लॅक ख्रिसमस’ काढला. नाताळच्या सुट्टीत मुली राहतात त्या घरात घाणेरडे निनावी फोन येतात आणि पुढे कळतं की फोन करणारा त्याच घरात आहे. १९७८ मध्ये जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोवीन’ आला, चालला, आणि मग कॅलेंडरवरचा एकही दिवस या मंडळींनी मोकळा ठेवला नाही: ‘न्यू इयर्स ईव्हिल’, ‘मदर्स डे’, ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, ‘एप्रिल फूल्स डे’. यातले पुष्कळ सिनेमे टाकाऊ आहेत. एका दिवसाचं नाव आणि एक मुखवटा एवढ्यावर गल्ला जमवायला निघालेले. पण टाकाऊ कादंबऱ्यांचे ढीग पडले म्हणून कोणी कादंबरी लिहायची बंद करा म्हणत नाही.

या सगळ्या सिनेमांत भूत नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुखवटा काढला की आत माणूस असतो, त्याला नाव असतं, घर असतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या वेडामागे गावानं दडपलेली एखादी गोष्ट असते. ‘हॅलोवीन’चा मायकेल माणूस की आणखी काही, अशी शंका कारपेंटर शेवटी ठेवतात हे खरं. पुढच्या भागांनी तर त्याला अमर करून टाकलं, आणि ती मालिका घसरली ती तिथेच.

आता विटंबनेचा आरोप. ज्या काकांना सणात फक्त मांगल्य दिसतं, त्यांनी शिमग्याला कोकणात जाऊन यावं. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत संकासुर असतो. काळा पायघोळ वेष, तोंडावर पांढऱ्या दाढीचा मुखवटा, कमरेला वाजणाऱ्या घंटा. तो पोरांच्या मागे धावतो आणि पोरं किंचाळत पळतात. लहानपणी संकासुराला घाबरून आजीच्या पदराआड लपलेली माणसं आज साठीत आहेत आणि ती भीती लाडानं सांगतात. मुखवटा घातलेला माणूस सणाच्या दिवशी पाठलाग करतो, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यातली पोरं जागून नरकासुर उभा करतात. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कागद, गवत, रंग, बाहेर आलेले सुळे, लाल डोळे. अख्खी रात्र तो मिरवतात आणि पहाटे जाळतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासून ही परंपरा चालू आहे आणि गावातली सगळी इडापिडा त्या अक्राळविक्राळ बाईबरोबर घालवून द्यायची असते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देव आणि राक्षस यांचे मोठाले मुखवटे चढवून टेंभ्यांच्या उजेडात माणसं रात्रभर नाचतात. हा आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा भाग, फार लांबचा नाही. आणि अगदी घरातलं पाहायचं तर दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी आपण कारीट पायाखाली फोडतो ते कशाचं प्रतीक म्हणून? एका असुराच्या वधाचं. चार वर्षांच्या पोराकडूनही ते फोडून घेतो आणि कौतुक करतो.

म्हणजे सणात भय होतंच. सणानं भयाला ठरलेली जागा दिली, ठरलेली वेळ दिली, आणि त्याचा शेवट सगळ्यांच्या देखत करून दाखवला. ते सारं काढून टाकून उरलेला गोडधोडाचा, नव्या कपड्यांचा आणि फोनवरच्या शुभेच्छांचा सण हा अलीकडचा, बाजाराला सोयीचा सण आहे. विटंबना झालीच असेल तर ती तिथे झाली आहे. होळीच्या रात्रीचा भयपट काढणारा मुलगा जाणता-अजाणता जुन्या सणाच्या जास्त जवळ आहे.

अमेरिकेतही हा आरोप झाला होता, तोही पाहण्यासारखा आहे. ९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ लागला. सांताक्लॉजचा वेष करून खून करणाऱ्या तरुणाची ती गोष्ट. पालक रस्त्यावर उतरले, चित्रपटगृहांसमोर निदर्शनं झाली, आणि वितरकांनी काही दिवसांतच सिनेमा मागे घेतला. पालकांची तक्रार खरं तर जाहिरातीबद्दल जास्त होती. कुऱ्हाड घेतलेला सांता टीव्हीवर लहान मुलांच्या पाहण्याच्या वेळेत दाखवला गेला होता. ही तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. सहा वर्षांच्या मुलाला न विचारता ते चित्र दाखवणं चूकच. पण जाहिरात चुकीच्या वेळी लावली, एवढ्यावरून सिनेमा काढायलाच नको होता असं ठरत नाही. आमच्या मुलांनी यातून शिकावं ते इतकंच, की गणपतीच्या मांडवासमोर रक्ताळलेलं पोस्टर लावू नये.

परकेपणाच्या आरोपावर मी फार वेळ घालवणार नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आलेली आहे आणि तरी ती मराठी वाचकाची झाली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३चा. खुन्याचा जीव बाहुल्यात जातो ही कल्पना अमेरिकी ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण रामदास पाध्ये यांच्या हातातला आणि दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयातला तात्या विंचू आज मराठी घरातला माणूस आहे. आदित्य सरपोतदार यांनी तर झोंबी थेट आमच्या लोकलच्या वाटेवर, डोंबिवलीत आणले. ‘झोंबिवली’ २०२२च्या प्रजासत्ताक दिनी लागला. टॉवर आणि झोपडपट्टी, पाणी कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हा त्या सिनेमाचा खरा विषय होता आणि तो या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला कळला. कुठून आलं याची चौकशी करण्यापेक्षा इथे आल्यावर त्याचं काय केलं हे बघावं.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. आपल्याकडचा भयपट पिढ्यान्‌पिढ्या भुतावर चालला. वाडा, विहीर, अतृप्त आत्मा, सूड घेणारी मेलेली बाई, मांत्रिक. मी हे सिनेमे आवडीनं पाहिले आहेत. पण त्यांच्यात एक सोय आहे. पाप मेलेल्याच्या माथी मारता येतं आणि जिवंत माणसं सुटतात. भूत बाटलीत भरलं की गाव निर्दोष होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, त्या राज्यात आपण अजून मांत्रिकाला नायक करणारे सिनेमे बिनदिक्कत पाहतो आणि आक्षेप घेतो तो स्लॅशरवर! अंधश्रद्धेच्या बाजूनं विचार केला तर स्लॅशर कितीतरी स्वच्छ आहे. त्यात अंगारा चालत नाही. दार नीट लावावं लागतं, पळावं लागतं, एकमेकांना सांभाळावं लागतं, आणि शेवटी कोणाचं काय चुकलं होतं हे मोठ्यानं बोलावं लागतं.

विशाल फुरिया यांचा २०१७चा ‘लपाछपी’ माझ्याविरुद्ध दाखवता येईल. त्यात भुतं आहेत आणि तरी तो थोर आहे. थोर आहेच. उसाचं शेत, एक घर, मोजकी माणसं, आणि गर्भातल्या मुली मारणारं कुटुंब. पण त्या सिनेमाची ताकद कुठे आहे? भुतांपेक्षा त्या घरातल्या हसऱ्या, जेवू घालणाऱ्या जिवंत बाईची जास्त भीती वाटते. उषा नाईक यांनी ती भूमिका अशी केली आहे की पुढे हिंदीत ‘छोरी’ झाला तरी मला त्यांचाच चेहरा आठवतो.

सणाचा स्लॅशर यापुढे एक पाऊल टाकतो, कारण त्याच्याकडे तारीख असते. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा १९८१चा कॅनडातला सिनेमा काकांनी एकदा पाहावा अशी माझी विनंती आहे. नोव्हा स्कॉशियातल्या खऱ्या खाणवस्तीत तो चित्रित झाला. गोष्ट अशी: व्हॅलेंटाइनच्या नाचाला वेळेवर पोहोचायचं म्हणून खाणीतले दोन पर्यवेक्षक वायूची पातळी न तपासता निघून जातात. स्फोट होतो, माणसं गाडली जातात. एक जण कसाबसा वाचतो आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्या दोघांना मारतो. गाव वीस वर्षं नाच बंद ठेवतं. मग नवी पिढी येते, जुनं विसरायचं ठरवते, पताका लावते, आणि खून पुन्हा सुरू होतात. आता हे वाचून अंबरनाथ-बदलापूर-डोंबिवलीच्या माणसाला काय आठवेल, ते मी सांगायला हवं का? २६ मे २०१६ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. २३ मे २०२४ला पुन्हा झाला. माणसं मेली, काचा फुटल्या, चौकशा बसल्या. रात्री उग्र वास सुटला की खिडक्या लावून घेणारी घरं आमच्याकडे आहेत. एमआयडीसीतल्या एका काल्पनिक कारखान्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांच्या पूजेची घाई, त्या घाईत न तपासलेला एक व्हॉल्व्ह, आणि पुढच्या खंडेनवमीला हेल्मेट आणि वायूचा मुखवटा चढवून आलेला कोणीतरी. हा सिनेमा कुळगावातच होऊ शकतो. त्यासाठी अमेरिकेकडून काहीही उसनं घ्यायची गरज नाही. ज्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, त्या दिवशी अवजार चालवणाऱ्या माणसाच्या जिवाचा हिशेब कोणीतरी मागतो. यात दसऱ्याचा अपमान कुठे आहे? मला तर यात दसरा जास्त कळलेला दिसतो.

आमच्या गावाचं सणाशी नातंही वेगळं आहे. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती, आज ती कितीतरी वाढलेली डोळ्यांना दिसते. यातला मोठा हिस्सा पहाटेच्या लोकलनं मुंबईला जातो आणि रात्री परत येतो. एरवी दिवसाच्या उजेडात घरातला पुरुष आणि नोकरी करणारी बाई सोसायटीत दिसतच नाहीत. शेजारी कोण राहतो हे होळी, गणपती आणि कोजागरी या दिवशी कळतं. म्हणजे अनोळखी माणसं पहिल्यांदा एकत्र येतात ती सणाला. कोण कोणाला ओळखतो, कोण ओळख दाखवत नाही, कोणाचा फ्लॅट कोणाला फसवून विकला, कोणाची भिशी बुडाली, हे सगळं त्या एका संध्याकाळी गच्चीवर उभं असतं. भयपट लिहिणाऱ्याला याहून सकस जमीन कुठे मिळणार?

दिव्याच्या अमावस्येचंही तेच. आषाढाच्या शेवटी कोंडेश्वरकडे, बारवी धरणाच्या बाजूला पोरांच्या गाड्या निघतात. पावसाळ्यात प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, तरी दर वर्षी कोणीतरी बुडतं. दारू प्यायलेला तरुणांचा घोळका, निसरडे दगड, रेंज नसलेला फोन आणि अंधार. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’नं १९८०मध्ये तळ्याकाठच्या शिबिरात जे उभं केलं, ते आमच्याकडे दर गटारीला आपोआप उभं राहतं. त्या सिनेमातही मूळ पाप हेच होतं की देखरेख करणाऱ्यांचं लक्ष नव्हतं आणि एक मूल बुडालं. हा विषय मुलांनी घेतला तर शंभर सूचनाफलकांनी जे होत नाही ते कदाचित होईल. आणि नाही झालं, तरी तो चांगला सिनेमा असेल.

आता खरा भाग. बायकांचा. ऑक्टोबर १९८०मध्ये जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दोन अमेरिकी समीक्षकांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा एक अख्खा भाग या सिनेमांविरुद्ध केला. त्यांचं म्हणणं होतं की कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून प्रेक्षक खुन्याच्या जागी जाऊन बसतो, आणि समोर बहुतेक वेळा एकटी, मनमोकळी वागणारी तरुणी असते. जणू तिच्या मोकळेपणाची ती शिक्षा. हे म्हणणं पुष्कळ सिनेमांच्या बाबतीत खरं आहे. ते नाकारणाऱ्यानं या विषयावर बोलू नये. पण याच ईबर्ट यांनी ‘हॅलोवीन’ला पूर्ण चार तारे दिले होते, हेही खरं आहे. फरक कशामुळे पडला? ‘हॅलोवीन’ची सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल होती, आणि त्यातल्या मुली खऱ्या मुलींसारख्या बोलतात. ‘ब्लॅक ख्रिसमस’ची नायिका आपल्या गरोदरपणाचा निर्णय आपण घेणार असं प्रियकराला ठणकावते, तेही १९७४मध्ये. १९८२चा ‘द स्लंबर पार्टी मॅसेकर’ रिटा मे ब्राउन यांनी लिहिला आणि एमी होल्डन जोन्स यांनी दिग्दर्शित केला. अभ्यासक कॅरोल क्लोव्हर यांनी पुढे दाखवून दिलं की या सिनेमांत शेवटी उरणारी, विचार करणारी, उलट वार करणारी मुलगी असते आणि अंधारात बसलेली मुलंसुद्धा तिच्याच जागी स्वतःला पाहू लागतात. म्हणजे दोष प्रकारात नाही, पटकथा कोण लिहितं यात आहे. आमच्या गटांमध्ये मुली फक्त मरायला बोलावल्या जात असतील तर तो सिनेमा मला नको. लिहायला, कॅमेऱ्यामागे, संकलनाला मुली बसू देत, मग बघू काय होतं ते.

इथे एक सीमा मला आखायची आहे. ऑगस्ट २०२४मध्ये आमच्या गावातल्या एका शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला हजारो माणसं बदलापूर स्थानकात रुळांवर उतरली. दिवसभर गाड्या बंद होत्या. त्या घटनेला कोणत्याही भयपटानं हात लावू नये, नाव बदलूनही नाही, सूचकपणेही नाही. ज्यांच्यावर ते गुदरलं ती मुलं याच गावात मोठी होणार आहेत. पण त्याच घटनेचा हवाला देऊन कोणी म्हणेल की आता इथे भीतीचं काही काढूच नका, तर ते मला पटत नाही. गावाला कशाची भीती वाटते हे गावातल्या कलेनं बोलायचंच नाही, तर बोलायचं कोणी?

दुसरी सीमा खुनी कोण यासंबंधी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भटक्या माणसांना जमावानं ठेचून मारलं. परका माणूस म्हणजे राक्षस, ही समजूत आपल्याकडे माणसं मारते. म्हणून आमच्या सिनेमातला खुनी वीटभट्टीवरचा, झोपडपट्टीतला किंवा परप्रांतातून आलेला असू नये. स्वस्त भयपटांची ही सर्वांत आळशी खोड आहे. ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्ये फोन घरातूनच येत होता. ते लक्षात ठेवावं.

हे सिनेमे पाहून पोरं बिघडतील, असंही म्हणतात. पुण्यात जोशी-अभ्यंकर खून सत्र घडलं ते जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात. ते खून करणारे राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार कला महाविद्यालयातले विद्यार्थी होते. ‘हॅलोवीन’ आणि त्याच्या मागोमाग स्लॅशरची लाट आली ती त्यानंतर. क्रौर्याला सिनेमाची शाळा लागत नाही. उलट राजदत्त यांनी १९८६मध्ये याच प्रकरणावर ‘माफीचा साक्षीदार’ काढला तेव्हा नाना पाटेकरांच्या रूपात लोकांनी पाहिलं की खुनी हा आपल्यासारखाच कपडे घालणारा, हसणारा, मित्रांना हाताशी धरणारा पोरगा असतो.

उरला स्वस्ताईचा मुद्दा. या आरोपाचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यामागे पैशाला कला समजण्याची सवय आहे. ‘हॅलोवीन’ सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत झाला. त्या उद्योगात ही रक्कम तेव्हाही किरकोळ होती. वेशभूषेच्या दुकानातून कॅप्टन कर्कचा एक रबरी मुखवटा आणला, त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली. गोष्ट शरद ऋतूतली आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून वाळकी पानं रंगवून आणली, दृश्य झालं की पोत्यात भरली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरली. संगीत दिग्दर्शकानं स्वतःच केलं. जगभरातून त्या सिनेमानं सात कोटी डॉलरांच्या आसपास कमावले. पैसे नव्हते म्हणून मुखवट्यावर कसलेच भाव नाहीत, आणि भाव नाहीत म्हणूनच तो मुखवटा जगाच्या लक्षात राहिला.

आपल्याकडे रामसे कुटुंबानं हेच केलं. फाळणीत कराचीहून आलेलं सिंधी कुटुंब, वडिलांचा रेडिओचा धंदा. उल्हासनगरच्या कॅम्पात ज्यांचे आजोबा उतरले त्यांना ही कहाणी वेगळी सांगायला नको. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांच्या चोरीच्या दृश्याला प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून पाहिलं. तेवढं एक दृश्य धरून भावांनी कामं वाटून घेतली. कोणी लेखन, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी, कोणी दिग्दर्शन. महाबळेश्वरला सगळं बिऱ्हाड नेऊन १९७२चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला. १९८४चा ‘पुराना मंदिर’ त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. त्यांचे सगळे सिनेमे चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण घरच्या माणसांनी, घरच्या पैशांत, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता सिनेमा उभा करता येतो, हे त्यांनी दाखवलं.

आणि मराठी रंगभूमीनं तर एका डागावर काम भागवलं आहे. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागूंनी १९७०मध्ये रंगमंचावर आणलं, तेव्हा साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली. मग प्रयोगाआधी सांगण्यात आलं की हा डाग प्रेक्षकांनी निळा समजावा. डाग निळा झाला आणि सभागृहातल्या प्रत्येकाला तो लालच दिसला. बादलीभर रक्त ओतणाऱ्या आजच्या दिग्दर्शकांनी याचा विचार करावा. डेमियन लिओन यांचा नाताळातला ‘टेरिफायर ३’ २०२४मध्ये सुमारे वीस लाख डॉलरांत झाला आणि प्रचंड चालला. त्याच्या कारागिरीचं मला कौतुक आहे, पण मला तो आवडत नाही. शरीर कसं फाटतं हे दाखवण्यातच त्याची सगळी बुद्धी संपते. आमच्या मुलांनी त्याची नक्कल करू नये. त्या रबरी आतड्यांना खर्चही फार येतो.

त्याऐवजी आवाजाकडे लक्ष द्यावं. मोबाइलचं चित्र थोडं दाणेदार असलं तरी प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. म्हणून पहिला पैसा माइकवर घालावा. पावसाची संततधार, दूरवरून येणारा लोकलचा भोंगा, वीज गेल्यावर अचानक बंद पडलेले पंखे, विसर्जनाचे ढोल थांबल्यावर कानांत राहणारा सुन्नपणा, हे सगळं आमच्याकडे फुकट आहे आणि मुंबईतल्या स्टुडिओत लाखो रुपये देऊन मिळत नाही. कपडे उल्हासनगरच्या बाजारातून निघतील. रात्रीच्या दृश्यांना सोसायटीची ट्यूबलाइट आणि रिक्षाचा हेडलाइट पुरतो, फक्त कुठे उभं राहायचं ते कळलं पाहिजे. श्रीराम राघवन यांनी १९९१मध्ये मुंबईतला खुनी रामन राघव याच्यावर तासाभराहून थोडा मोठा सिनेमा अगदी थोडक्या साधनांत काढला, रघुवीर यादव यांच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून. त्याच राघवन यांनी २०१५मध्ये आमच्या गावाच्या नावाचा ‘बदलापूर’ काढला आणि त्यामुळे गावाची अब्रू गेली नाही.

प्रेक्षक मिळणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांना राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’कडे बोट दाखवता येतं. २०१८मध्ये लागला तेव्हा बेताचा चालला, सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. ‘तुंबाड’ काही स्वस्तातला नव्हता, पण मधल्या सहा वर्षांत भयपटाचा प्रेक्षक वाढला आणि तो जाणता आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मुलांनी पटकथा पूर्ण लिहावी. सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यावं. २०२४च्या नव्या नियमांत ‘यूए १६+’ असा स्वतंत्र गट आहे, त्यात बसेल असा सिनेमा काढावा किंवा सरळ ‘ए’ घ्यावं, आणि लहान मुलांना दाराशीच थांबवावं. रात्रीच्या चित्रीकरणाआधी पोलीस ठाण्याला आणि सोसायटीला लेखी कळवावं, म्हणजे खोटा सुरा पाहून खरा गोंधळ व्हायचा नाही. आणि काकांनी ती पटकथा मागून घेऊन वाचावी. खुनी कोण आहे, मुली काय करतात, सणाचा आणि गोष्टीचा संबंध काय, एवढं रोखठोक विचारावं. उत्तरं पटली नाहीत तर तोंडावर सांगावं. पटली, तर कोजागरीनंतरच्या दोन रात्री सोसायटीची गच्ची आणि जिन्याची किल्ली त्यांना द्यावी.